चोवीस टक्के ऑक्सिजन

प्रिय टाचणी,

गेल्या रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, घाटातल्या शर्यतीत, चौथ्या वळणापुढच्या सरळ चढावर, तुझ्या दादाच्या मोटरसायकलचं मागचं चाक धावता धावता जागच्या जागी थिजलं, आणि त्या क्षणापासून तुझ्या घरच्यांना मी आवडायला लागलो. गंमत बघ. तीन वर्षं मी काय काय नाही केलं? केस कापले, शर्ट खोचला, तुझे बाबा रस्त्यात दिसले की गाडीवरून उतरून बाजूला उभा राहिलो. पालथ्या घड्यावर पाणी. आणि जे तीन वर्षांत झालं नाही ते एका सेकंदात झालं.

आत्ता सव्वानऊ वाजलेत. आई कारखान्यात पहिल्या पाळीला गेलीय. जाताना माझा निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकून गेली, आणि चहाच्या कपाखाली चिठ्ठी ठेवलीय की संध्याकाळी त्यांच्याकडे जायचंय, दाढी कर. त्यांच्याकडे म्हणजे तुमच्याकडे. तुझ्या बाबांनी स्वतः फोन करून तिला बोलावलंय. तिला कुणी असं आदरानं बोलावून किती वर्षं झाली असतील कोण जाणे. काल दिवसभर ती स्वयंपाकघरात स्वतःशीच हसत होती. मी समोर गेलो की हसू आवरायची आणि उगाच विचारायची, लिंबू कुठे ठेवलंय रे. मी टेबलाशी बसलोय. लॅपटॉप मिटून बाजूला ठेवलाय, म्हणजे तो दिसणार नाही. तरी दिसतोच.

तुला त्या दिवसाचं सगळं ठाऊक आहे, पण ते तू इतरांकडून ऐकलंस, माझ्याकडून नाही. मी चौथ्या वळणावर उभा होतो, कारण तिथे मूठ पिळून थ्रॉटल पूर्ण उघडतात आणि इंजिनाचा खरा आवाज तिथेच कळतो. दादा वळणातून बाहेर आला तो असा देखणा, की मी शिट्टी मारली. माझ्याशी कितीही वाकडा वागला तरी गाडीवर तुझा दादा म्हणजे पाण्यातला मासा, हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही, तुला सांगतो. मग चाक थांबलं. गाडी आडवी झाली, घसरली, दगडी कठड्यावर आपटली आणि त्याच्या मांडीवर येऊन पडली. मी कसा पोचलो आठवत नाही. सायलेन्सरचा पाइप धरून गाडी उचलली. तो पाइप त्या वेळी किती तापलेला असतो हे मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे, तरी तोच धरला, कारण हाताशी तोच आला. डाव्या तळहाताची कातडी तिथेच राहिली. दादा शुद्धीवर होता. मला बघून म्हणाला, 'तू आहेस होय?' आणि माझ्या कॉलरला धरून राहिला, अँब्युलन्स येईपर्यंत.

पुढचं तू स्वतः पाहिलंस. परगावाहून दोन दिवसांसाठी आलीस, आणि हॉस्पिटलच्या त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये, तुझे बाबा चार हातांवर उभे असताना, माझा बँडेजचा हात तुझ्या दोन्ही हातांत धरलास. मी बाबांकडे बघितलं. वाटलं, आता गरजतील. ते खिडकीबाहेर बघायला लागले. तुझ्या आईनं माझ्यासाठी वेगळा डबा आणला. ज्या बाईनं मला एकदा दारातून 'ती घरी नाहीये' म्हणून परत पाठवलं होतं, आणि तू मागे जिन्यात हसत होतीस, त्याच बाईनं मला म्हटलं, 'हाताला पाणी लावू नकोस रे, बाळा.' बाळा! मी कॉलेज सोडलं तेव्हापासून मला सगळ्यांनी सगळं म्हटलं, बाळ कुणी म्हटलं नव्हतं. त्या दोन दिवसांत मी इतका सुखात होतो की मला लाज वाटायला हवी होती. तेव्हा मला माहीत नव्हतं, टाचणी. म्हणजे, माहीत नाही असं मी स्वतःला सांगत होतो.

आता जरा गाडीचं सांगतो. नेहमीसारखी जांभई देऊ नकोस, कारण ह्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. जुन्या गाड्यांना कार्ब्युरेटर असायचा. पेट्रोल कमी-जास्त करायचं तर स्क्रू पिळायचा. दादाच्या गाडीत इंजेक्शन आहे. म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यात किती पेट्रोल शिंपडायचं ते एक छोटा संगणक ठरवतो. कंपनीतून येताना त्याच्यात सगळं भरून आलेलं असतं, पण दादानं पिस्टन मोठा बसवला, कॅमशाफ्ट बदलला, हवेचं तोंड रुंद केलं. आता जुने आकडे चालणार कसे? वाढत्या अंगाच्या पोराला गेल्या वर्षीची पँट. म्हणून नवा संगणक लावायचा आणि त्याचा तक्ता आपण लिहायचा: एका बाजूला इंजिनाचा वेग, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल किती उघडलाय ते, आणि मधल्या दोनशे छप्पन्न चौकोनांत एकेक आकडा. जळलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला सेन्सर हुंगतो आणि सांगतो, पेट्रोल जास्त झालं की कमी. जास्त झालं तर गाडी मठ्ठ होते, एवढंच. कमी झालं तर आधी ती फार सुंदर पळते. मग तापते. मग एखाद्या चढावर पिस्टन फुगून नळीत रुतून बसतो, आणि मागचं चाक जागीच थिजतं.

हे आकडे मी लिहिले. आमच्या गॅरेजचे उस्ताद गाड्या बांधतात, त्यांच्यासारखं इंजिन बांधणारा मी दुसरा पाहिला नाही, पण लॅपटॉप उघडला की ते चार पावलं मागे सरकतात. दादानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, 'हा हात लावणार माझ्या गाडीला? अडीच वर्षांचा इंजिनिअर?' उस्ताद म्हणाले, 'स्क्रू असता तर मी फिरवला असता. आकडे तोच फिरवतो. नको असेल तर गाडी ढकलत घरी ने.' दादानं गाडी ठेवली. पण माझ्या डोक्यात ते अडीच वर्षांचं असं बसलं, जसं दातात काहीतरी अडकतं. तुला माहितीय ना मी अडीच वर्षांवर कॉलेज कसं सोडलं. सरांनी माझं जर्नल टेबलावर फेकलं आणि मी त्यांचं रजिस्टर खिडकीतून. लोकांना वाटतं मला अभ्यास जमला नाही. जमत होता. गप्प बसणं जमत नव्हतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, जुना सेन्सर मेला आणि मी नवा बसवला. नवा सेन्सर बसवला की आधी त्याला स्वच्छ हवा दाखवावी लागते. उघड्यावर न्यायचा, हवेत धरायचा, बटण दाबायचं. तो हुंगतो आणि मनाशी म्हणतो, हां, ही हवा, हिच्यात ऑक्सिजन एकवीस टक्के. पुढचं सगळं तो त्या एका श्वासावरून मोजतो. एक मिनिटाचं काम आहे. गॅरेजच्या दारातून अंगणात जायचं, बस्स.

अंगणात तुझा दादा उभा होता. त्याच्या संघाचे दोघे-तिघे बरोबर होते. आतून मला ऐकू येत होतं. दादा माझी नक्कल करत होता, मी लॅपटॉपकडे कसा बघतो त्याची, आणि ते हसत होते. मग एकानं तुझं नाव घेतलं. दादा म्हणाला, 'ती वेडी आहे, उतरेल भूत. त्या पोराच्या हातात आयुष्यात काय आहे? माझी गाडी आहे, ती पण उद्यापर्यंत.' आदल्या रात्री तू माझा फोन उचलला नव्हतास. का ते मला नंतर कळलं, पण त्या क्षणी मला वाटलं, झालं, भूत उतरलं वाटतं. आणि मी त्या लोकांसमोर, हातात वायरला लोंबकळणारा सेन्सर घेऊन, हवा दाखवत उभा राहणार? उस्तादांनी कोपऱ्यातून सांगितलं, 'बाहेर ने रे तो.' मी म्हणालो, 'मला शिकवू नका.' उस्तादांना! आणि बाकाजवळच, आतल्या आत, बटण दाबलं.

बाकाखाली पेट्रोलचा ट्रे उघडा होता, कार्ब्युरेटरचे तुकडे भिजत घातलेले. दोन हातांवर एक स्कूटर तापवायला चालू ठेवलेली होती. ती हवा नव्हतीच, टाचणी. ते गॅरेजचं पोट होतं. पण सेन्सरनं ती हवा म्हणून घेतली, कारण मी सांगितलं ती हवा आहे.

मग गाडी डायनोवर चढवली. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेला जाड रोलर, गाडी त्याच्यावर जागेवरच पळते. पूर्ण थ्रॉटलला सेन्सर म्हणत होता, पेट्रोल जास्त आहे. मी कमी केलं. अजून जास्त आहे म्हणाला, अजून कमी केलं. ताकदीची रेघ प्रत्येक वेळी वर चढत होती आणि माझं डोकं तिच्यावर स्वार. उस्ताद म्हणाले, चढावर इंजिन जास्त तापतं, पेट्रोलचे चार घास जादा राहू दे. मी राहू दिले नाहीत, उलट अजून ताकद निघावी म्हणून ठिणगी दोन अंश आधी पडेल असं करून ठेवलं. मला दादानं जिंकायला हवं होतं. मनापासून सांगतो, तो पडावा असं माझ्या मनात एक क्षणही नव्हतं. त्यानं जिंकावं, आणि कप हातात घेऊन त्याला मान्य करावं लागावं की ही गाडी त्या अडीच वर्षांच्या इंजिनिअरनं केलीय, एवढंच हवं होतं. संध्याकाळी गाडी न्यायला आला तेव्हा त्यानं एकदाच थ्रॉटल पिळला आणि भुवया वर गेल्या. मी त्या भुवयांवर रात्र काढली.

आणि चौथ्या वळणावर मी जे ऐकलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चाक थांबण्याआधी दोन-तीन सेकंद इंजिन खडखडलं. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसं. हेल्मेटच्या आत ते त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. मला गेलं. ह्या धंद्यात तो आवाज ज्यानं एकदा ऐकला तो झोपेतही ओळखतो: पेट्रोल कमी पडतंय, इंजिन आतून मार खातंय. मी हात वर केला. ओरडलो बहुतेक. तो माझ्या समोरून गेला, आणि मग ते झालं. म्हणजे तुझ्या हातात माझा हात होता तेव्हा, टाचणी, मला आकडा माहीत नव्हता, पण आवाज माहीत होता.

बुधवारी उस्तादांनी इंजिन उघडलं. पिस्टनची कड वितळून गेलेली, नळीवर चंदेरी ओरखडे. स्पार्क प्लग काढून त्यांनी उजेडात धरला. पांढऱ्या भागावर मिरीएवढे धातूचे थेंब चिकटले होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, 'प्लग बोलतो. ऐकणाऱ्यानं ऐकावं,' आणि फडक्यात गुंडाळून खिशात टाकला. एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो, भांडणात मी पक्का आहे. ते हात धुवायला गेले, आणि मी तिथे तसाच उभा, मारायला हात उगारावा आणि समोर कुणी नसावं तसा.

गुरुवारी तो सेन्सर मी अंगणात नेला. बटण दाबलं नाही, नुसता धरला, काय म्हणतो बघू. एकवीस म्हणायला हवं होतं. म्हणाला, चोवीस. मी परत धरला. कुंपणाजवळ जाऊन धरला, गच्चीवर जाऊन धरला. चोवीस. जगात कुठेही, समुद्रावर जा नाहीतर डोंगरावर, हवेत चोवीस टक्के ऑक्सिजन नाही. म्हणजे शनिवारी तो सगळंच फुगवून सांगत होता, पेट्रोल जरासं जादा असलं तरी फार जादा म्हणत होता; दिवसभर माझ्याशी खोटं बोलत होता, आणि ते खोटं मीच त्याला शिकवलं होतं. मी लॅपटॉपवरची शनिवारची नोंद उघडली. सगळं आहे त्यात, मिनिटामिनिटाचं. पुसू का, असं यंत्र विचारतं, तिथपर्यंत तीनदा गेलो. पुसलं नाही. पण तीनदा गेलो हेही तुला माहीत असू दे.

शुक्रवारी दादाला भेटायला गेलो तो सांगायचं ठरवूनच. खरंच. जिन्यात वाक्य पाठ करत गेलो. तो उशीला टेकून बसला होता, पाय वजनाला टांगलेला. मला बघितल्यावर त्यानं शेजारच्याला खुर्ची रिकामी करायला लावली. मग म्हणाला, 'मी विचार करतोय आठवडाभर. चूक माझीच. चाक अडकलं तेव्हा क्लच दाबायला हवा होता, माझा हात गोठला. पूर्वी नसता गोठला. तुम्ही गाडी दिलीत ती सोनं होती, मी मातीत घातली.' आणि रडला, टाचणी. तुझा दादा. कोपरानं डोळे पुसत म्हणाला, 'भीती बसली एकदा की ती उठत नाही. आता बस झालं.' अगं, जगातला कुठलाच हात त्या वेळात क्लचपर्यंत पोचला नसता. मी लगेच म्हणायला हवं होतं. वाक्य तोंडात होतं. तेवढ्यात तो म्हणाला, 'बाबांशी बोललोय मी. तिच्यासाठी तुझ्याहून चांगला मिळायचा नाही. माझं चुकलं तुला ओळखण्यात.' आणि मी मान डोलावली.

कशाला डोलावली? त्याला चांगलं वाटावं म्हणून, असं मी परतताना स्वतःला सांगितलं. खोटं. तुझ्यासाठी डोलावली. तू एका मानेच्या अंतरावर होतीस, आणि मी मान हलवली. तेव्हापासून दोन दिवस मी ती मान वागवतोय. आरशात बघायला नको वाटतं. काल आईनं विचारलं, लग्नाच्या कल्पनेनं पोरी रडतात, तू का जेवत नाहीस? मी तिच्यावर खेकसलो. मग जेवलो.

आणि रात्री तुझा निरोप आला: 'भडक्या, आता फक्त एक दिवस तोंडाला कुलूप लाव. कुणी काहीही बोललं तरी भांडू नकोस. उद्या सगळं आपलं होतंय.' पुढे ते हसरं तोंड काढलंस. मी ते पंधरा वेळा वाचलं. तुला वाटलं असेल, नेहमीची भीती, हा भडकेल. ह्या वेळी उलटं आहे. ह्या वेळी मी गप्प बसलो म्हणून सगळं जुळून येतंय. आयुष्यात पहिल्यांदा मला गप्प बसणं जमलं, आणि बघ कशासाठी.

पावणेदहा झाले. आता हे पत्र का, ते. आज साडेदहाला दादाच्या संघाचे मॅनेजर हॉस्पिटलमध्ये येणार आहेत. अपघाताचा कागद भरायचाय. दादा त्यावर लिहून देणार आहे की चूक चालवणाऱ्याची होती, आणि आपण यापुढे गाडी चालवणार नाही. काल त्यानं मला कौतुकानं सांगितलं, सहीला साक्षीदार म्हणून तूच ये. मी जाणार आहे. लॅपटॉप, शनिवारची नोंद आणि तो सेन्सर घेऊन. उस्तादांना सकाळी फोन केला, म्हटलं, प्लग द्याल का? ते म्हणाले, 'खिशातच आहे. मी हॉस्पिटलच्या फाटकाशी उभा राहतो, वर तू एकटा जा.' दादा काय करेल माहीत नाही. एका पायानं उठून मारता आलं तर मारेल. मारू दे, मी हात उचलणार नाही, शपथ. पण त्याचा हात गोठला नव्हता, हे त्याला सही करायच्या आधी कळलं पाहिजे, आणि ते सांगू शकणारा माणूस एकच आहे. संध्याकाळचं बोलावणं त्यानंतर राहील असं मला वाटत नाही. आईला मीच सांगेन, तिच्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन, पाळी सुटताना. आणि तुला फोन केला नाही, कारण तुझा आवाज ऐकला आणि तू नुसतं 'थांब' म्हणालीस तरी मी थांबेन. मला माझी खात्री नाही, टाचणी. म्हणून विचारत नाहीये, लिहितोय. हे मंगळवारी तुझ्या हातात पडेल, तोवर घरच्यांकडून तुला सगळं कळलेलं असेल, त्यांच्या शब्दांत. हे माझ्या शब्दांत. उत्तर दे असं म्हणत नाही. फोन बंद करून आत ठेवलाय. टपालपेटीत टाकायला पाकीट शर्टाच्या खिशात आहे, निळ्या नव्हे, रोजच्या; लॅपटॉप आणि सेन्सर खांद्यावरच्या पिशवीत. एवढ्या ओळी जिन्यात उभा राहून, कागद भिंतीला टेकवून लिहितोय, म्हणून अक्षर असं. दार ओढून घेतलं मघाशीच. किल्ली आतच राहिली.

तुझाच,
भडक्या